मास्तरांच्या तोंडचे वाक्य

एकदा एका तरुण लेखकाची मोठी पंचाईत झाली. दूरचित्रवाणीवरच्या एका प्रेममालिकेचे संवाद तो लिहीत असे. मालिकेतल्या श्रीमंत नायिकेवर दोघांचा जीव जडला होता, एक वकील आणि एक मास्तर. त्यांतला एक लोभी आणि दुसरा खरा प्रेमी, एवढे ठरले होते. पण दोनशे भाग दोघांच्याही तोंडी सारखेच गोड बोल घालता घालता कोण कोणता, हे लेखकालाच उमगेनासे झाले. वाहिनीला उत्तर उद्या हवे होते. त्यात त्याचे स्वतःचेही डोके ठिकाणावर नव्हते. त्याची वाग्दत्त वधू गाणे शिकत होती. तिला धारवाडच्या एका गायिकेने दोन वर्षांसाठी शिकायला बोलावले होते, आणि चार दिवस दोघांत अबोला होता.

तो आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला. एके काळी त्यांची नाटके गावोगाव होत.

"नायिकेचं दिवाळं काढलंय," तो म्हणाला. "लोभी असेल तो पळेल, प्रेमी असेल तो थांबेल."

गुरुजींनी कागद वाचले आणि प्रत्येक पानावर शांतपणे आडवी रेघ मारली. मग कोऱ्या पानावर एकच ओळ लिहिली: नायिकेला दूरगावी, तिच्या आवडीची विद्या शिकायला बोलावणे येते.

"आता दोघं काय म्हणतात ते लिही. एकेकच वाक्य."

लेखक चक्रावला. यात ना पैसा, ना खलनायक! तरी त्याने लिहिले. वकील म्हणाला, "मग माझं काय?" मास्तरांना प्रेमी करावे असे त्याच्या मनात होते. ते म्हणाले, "आणि आपलं लग्न?"

"हेही लोभ्याचंच झालं. मास्तरांचं हे वाक्य कुठून आणलंस रे?" गुरुजींनी विचारले.

लेखकाने मान खाली घातली. ते त्याचेच वाक्य होते. चार दिवसांपूर्वी तिने हरखून बातमी सांगितली, तेव्हा त्याच्या तोंडून पहिल्यांदा तेच निघाले होते. त्याला फार लाज वाटली.

"पण गुरुजी, मला तिच्या पैशाचा लोभ नाही हो! मग मी लोभी कसा?"

"लोभ माणसाचाही असतो. संकटात पळणारा नुसता भित्राही असू शकेल. पण ज्यात आपला काडीचा वाटा नाही, अशा तिच्या सुखाने ज्याचा चेहरा उजळतो, तो प्रेमी. जो आधी आपला वाटा चाचपतो, तो लोभी."

"आणि दोघंही एकाच माणसात असले तर?"

"असतातच. पहिलं वाक्य त्यांतल्या कोणाला बोलू द्यायचं, एवढंच आपल्या हाती."

लेखक अंगणात आला. लग्नाचे काय होणार, त्याला अजूनही कळत नव्हते. त्याने फोन लावला. पलीकडून नुसते "हं" ऐकू आले.

"तंबोरा गाडीतून कसा नेणार आहेस?" त्याने विचारले. "एकटीने उचलू नकोस. मी येतो सोडायला."

मग ती म्हणाली, "त्याला नवी गवसणी शिवायला टाकलीय. शनिवारी आणायला येशील?"

आत येऊन त्याने मास्तरांचे वाक्य खोडले आणि तिथे तंबोऱ्याचा प्रश्न लिहिला. मालिकेत तंबोरा नव्हता. तो आता आणावा लागणार होता.