डोलकाठीच्या बुंध्याला

काथ्याचा दोर भिजला की फुगतो आणि लांबीला किंचित आखडतो. वेळकोंड गावच्या बंदरावर भिकोबा महाराज असे दोर वळत बसत. तेव्हा खाडीत इंजिने नव्हती. शिडांची फडफड आणि वल्ह्यांचा चुबुकचुबुक आवाज, एवढेच.

हरजी नाखवा तिथल्या सर्वांत मोठ्या मचव्याचा मालक. त्याच्या मुलीने, पोवळीने, महाराजांचा गरीब भक्त धाकू याच्याशी लग्न केले, तेव्हापासून तिला माहेर बंद होते. धाकू दिसला की नाखवा म्हणे, "काय रे, तुझा बुवा वारापण वळून देतो का?"

एका दुपारी धाकूच्या होडीचे सुकाणू मोडले. होडीत पोवळीही होती, आणि वारा त्यांना खडकांकडे ढकलत होता. नाखव्याने मचवा काढला. महाराज न विचारताच त्यात चढून बसले.

जवळ जाऊन दोर फेकला. धाकूने तो होडीच्या टोकावरच्या कडीत अडकवला. पहिल्याच हिसक्याला कडी उपटून आली! होडी खडकांच्या आणखी जवळ सरकली. आता मचवा तिथे नेणे शक्य नव्हते.

"धाकू, शीड उतरव!" महाराज ओरडले. "दोर येईल तो डोलकाठीच्या बुंध्याला बांध."

"बुवा, ती देवाची जागा," नाखवा दचकून म्हणाला. बुंध्याला कुंकू लावून नारळ वाहायचा, दोर लावायचा नाही, ही तिथली रीत.

"मग लेकरं कुणाच्या पदरात टाकायची, नाखवा?"

नाखव्याने जाड दोराला बारीक दोरी जोडली, दोरीला सुका नारळ बांधून फेकला. ओहोटीची ओढ आडवी. नारळ दर वेळी होडी चुकवून पुढे वाहून जाई. महाराजांनी वाकून पाण्यावर तळवा ठेवला. "थांब गं बाई, जरा."

आणि काय सांगावे! वाहत्या पाण्यात नारळ थबकला, मग ओढीविरुद्ध सरकत पोवळीच्या हाताशी गेला. ती दोरी ओढू लागली. एक हात पुढे, एक कमरेशी. अंगणात दोराचे टोक धरून उभी राहणाऱ्या चिमुरड्या पोवळीला नाखव्यानेच तसे ओढायला शिकवले होते. त्याचे डोळे भरून आले.

धाकूने बुंध्याला नमस्कार करून दोर बांधला.

"लांब सोडा दोर," महाराज म्हणाले, "हिसका बसू देऊ नका." वल्ही हळूहळू पडू लागली. होडी वळली, मागे येऊ लागली.

किनाऱ्यावर नाखव्याने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

"माझ्याशी काय बोलायचंय तुला?" महाराज हसले. "ती बघ, तिथे उभी आहे."

नाखवा उठला. लेकीपाशी गेला.

"पोवळे," तो म्हणाला, "घरी चल गं. जावयालाही घेऊन चल."