मुकी बुडालेली घटिका

कृतयुग सरत आले होते आणि त्रेतायुग उंबरठ्याबाहेर येऊन थांबले होते. मेघ अजून राजाच्या शब्दाला मान देत होते आणि दुखावलेल्या माणसाच्या तोंडून निघालेला शाप अजून वाया जात नव्हता, त्या काळची ही कथा आहे. विपुलोदक सरोवराच्या काठी सेतुवती नावाची नगरी होती आणि तेथे बृहत्सेन राजा राज्य करीत होता. त्याची एकुलती कन्या शुचिव्रता उत्तरकुरूंच्या हिमप्रदेशात, महर्षी अनिमिषांच्या आश्रमात बारा वर्षे ध्यानविद्या शिकून परतली, तेव्हा तिने मनाशी एक चित्र जपून आणले होते.

नगरीच्या घटिकागृहात उदंका नावाची एक स्त्री चाळीस वर्षे बसते आहे आणि तिच्या पाळीत एकही घटिका चुकलेली नाही, हे तिने लहानपणी ऐकले होते. आश्रमात बर्फाचा वारा हाडांत शिरे आणि चित्त ठरत नसे, तेव्हा शुचिव्रता त्या न पाहिलेल्या स्त्रीला आठवी. पद्मासन घातलेली, डोळे अर्धे मिटलेले, वारा नसलेल्या गाभाऱ्यातल्या ज्योतीसारखी निश्चल. “माझ्या देशात अशी योगिनी आहे,” असे ती सहाध्यायांना अभिमानाने सांगे.

प्रत्यक्षात तिला आढळली ती पाय पसरून बसलेली एक म्हातारी. मांडीवर कापसाचा ढीग, बोटांत अर्धवट वळलेली वात, तोंडात सुपारी. एका मांजराला ती त्याच्या सात पिढ्यांसकट बोल लावत होती आणि मध्येच खिडकीतून एका माळिणीला तिच्या सुनेबद्दल सल्ला देत होती.

सेतुवतीत काळ मोजला जाई तो एका तांब्याच्या वाटीने. तिच्या तळाला केसाएवढे छिद्र होते. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती सोडली की भरत भरत बरोबर एका घटिकेत बुडे, आणि बुडताच राखणारीने भिंतीवरच्या काशाच्या तासावर टोल द्यायचा. एका टोलाला सरोवराचे दार उघडे, दुसऱ्याला मिटे. अशा पाळ्यांनी गावोगाव पाणी जाई. सर्वांत शेवटची पाळी निम्नग्रामाची. ते कुंभारांचे आणि भातकऱ्यांचे गाव दक्षिण शिवेच्या दगडापलीकडे, खोलगट जागी वसले होते. ते राज्यात नव्हते, तरी बृहत्सेनाच्या पूर्वजांनी दिलेल्या वचनामुळे त्याला रोज माध्यान्ही एक घटिका पाणी मिळे. घटिकागृहाच्या दारावर दंड कोरला होता: ज्याच्या पाळीत घटिका मुकी, म्हणजे टोलावाचून, बुडेल, त्याने दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला शीव ओलांडावी, मग तो कोणीही असो.

“माते, तुझे चित्त कुठे आहे?” शुचिव्रतेने विचारले.

“इथेच आहे, लेकी. या वयात जाणार कुठे?”

“तू वाती वळतेस, मांजराशी भांडतेस, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतेस. मग वाटीकडे पाहतेस तरी केव्हा?”

“पाहायचे कशाला? ती बोलते. भरत आली की तिची कुजबुज जड होते. आणि एखादे वेळी नाहीच ऐकू आली, तर बोटांना कळते. शंभर वाती होत आल्या की मान आपोआप वळते.”

एवढ्यात तिची मान वळली, हात उठला आणि तासाचा टोल नगरभर घुमला. वाटी तळाला टेकत होती. मांजर जागचे हललेही नाही.

शुचिव्रतेला त्यात अभ्यास दिसला नाही, सवय दिसली. आणि सवय म्हणजे झोपेची धाकटी बहीण, असे ती शिकून आली होती. येत्या पौर्णिमेला तिला राज्याभिषेक व्हायचा होता. जो स्वतःच्या श्वासाचा स्वामी नाही त्याने प्रजेचे स्वामित्व पत्करू नये, असे तिचे व्रत होते, आणि हे व्रत आपल्यापुरते ठेवावे एवढी ती अजून वयाने मोठी नव्हती. तिने राजसभेलाही रोज सकाळी आसनावर बसवले. सेनापती तिसऱ्या श्वासाला घोरू लागत. प्रधानांना मात्र पाठीचा कणा ताठ ठेवून झोपणे साधले, आणि बारा वर्षांच्या विद्येचे हे पहिले फळ, असे बाजारातले लोक म्हणू लागले.

उदंकेचा कापूस उचलून नेण्यात आला. खिडकी बंद झाली. मांजराला बाहेर काढले. दोन दिवस म्हातारी सांगितल्याप्रमाणे हात मांडीवर ठेवून बसली. तिसऱ्या दिवशी तिची मान लवली. वाटी बुडता बुडता तिने कसाबसा टोल दिला.

“देवी, हात रिकामे ठेवले की माझे मन उकिरडे फुंकायला जाते,” ती म्हणाली. “मला माझ्या वाती द्या.”

“दोष हातांचा नाही, माते, चित्ताचा आहे. माध्यान्हीच्या पाळीला मी बसते. तू अंगणात थांब. आणि माझे आसन मोडेपर्यंत मला कोणी हाक मारू नये.”

शुचिव्रतेने दाराला आतून अडसर घातला. टोल देऊन निम्नग्रामाचे पाणी सोडले, वाटी तरंगत ठेवली आणि समोर आसन मांडले. निरोपाच्या वेळी महर्षींनी तिच्या मस्तकावर हात ठेवून वर दिला होता, “कन्ये, कोणताही नाद तुझे चित्त हलवू शकणार नाही.” ते पुढेही काही बोलणार होते, त्यांचा हात तसाच उचललेला होता, पण वर मिळाल्याच्या हर्षात ती नमस्कार करून उतरणीला लागली होती. आता तो वर फळाला आला. वाटीची कुजबुज ऐकू आली, मग श्वास ऐकू आला, मग श्वासामागची शांतता. आश्रमातसुद्धा तिला अशी शांतता लाभली नव्हती. हिमशिखरावर पडणाऱ्या पहिल्या किरणासारखे तिचे मन स्वच्छ झाले, आणि आपण किती स्वच्छ झालो आहोत हे ती प्रेमाने पाहत राहिली.

मग दार वाजले.

तिला ते ऐकू आले. पुन्हा वाजले, आणि उदंकेचा आवाज आला, “देवी, शंभर झाल्या. मी मनात वळते आहे. शंभर झाल्या.” शुचिव्रतेने तो आवाज ओळखला. नाद येतो, नाद जातो, साधकाने त्याच्या मागे जाऊ नये, असे ती बारा वर्षे शिकली होती. तिने तो नाद येऊ दिला आणि जाऊ दिला. तिसऱ्यांदा दार वाजले, तेही तिने जाऊ दिले. आपण हललो नाही याचे तिला समाधान वाटले.

डोळे उघडले तेव्हा घंगाळातले पाणी निश्चल होते आणि वाटी तळाशी पडली होती. बाहेरून आक्रोश ऐकू येत होता.

टोल ऐकल्यावाचून द्वारपालाने सरोवराचे दार मिटायचे नाही, असा नियम होता. उदंका म्हाताऱ्या पायांनी अर्धा कोस धावत गेली, त्याच्या हातापाया पडली, पण त्याने दार मिटेपर्यंत चार घटिका पाणी निम्नग्रामावर कोसळत राहिले. कालव्याचा काठ फुटला. कोवळी भातरोपे मुळांसकट वाहून गेली आणि त्यांच्याबरोबर गावाचे वर्षाचे अन्न गेले. मार्तिक नावाचा कुंभार भट्टी वाचवायला धावला, तर भट्टीची भिंतच त्याच्या पायांवर आली. जीव वाचला, पाय वाचले नाहीत.

तिसऱ्या प्रहरी सभा भरली. उदंका पाळी सोडून रस्त्याने धावताना शंभर लोकांनी पाहिली होती. घटिकागृहात त्या वेळी कोण होते हे कोणाला ठाऊक नव्हते, आणि कोणी विचारलेही नाही.

“उदंके, पाळी तुझी होती?” राजाने विचारले.

म्हातारीने सिंहासनाशेजारी बसलेल्या शुचिव्रतेकडे एकदा पाहिले. “पाळी माझीच असते, महाराज,” ती म्हणाली.

आता बोलावे, असे शुचिव्रतेला वाटले. तिचा श्वास शांतपणे आत गेला, शांतपणे बाहेर आला. ओठ मात्र उघडले नाहीत. तेवढ्यात मार्तिकाची पत्नी रोहिता पुढे आली. तिच्या हातांना कोपरापर्यंत ओली माती होती.

“मला दंड नको, राजा,” ती म्हणाली. “दंडाने चाक फिरत नाही. पण मी जर आजवर कच्चे मडके पक्के म्हणून कोणाला दिले नसेल, तर माझा शब्द खरा होवो. जिने ही घटिका मुकी बुडू दिली, तिच्या कानात ती बुडतच राहो.”

सारी सभा उदंकेकडे पाहू लागली. म्हातारी पदराने पाय पुसत होती. आणि शुचिव्रतेच्या डाव्या कानात कुजबुज सुरू झाली, ती जड होत गेली, गुळगुळ झाली, आणि काहीतरी गुडुप झाले. मग पुन्हा पहिल्यापासून.

दिवेलागणीला ती उदंकेच्या झोपडीशी गेली. म्हातारी एका फडक्यात आपले सामान बांधत होती. सामान म्हणजे दोन लुगडी, सुपारीचा अडकित्ता आणि परत मिळालेला कापूस.

“माते, तू खरे का सांगितले नाहीस?”

“खरेच सांगितले. तीनदा दार ठोठावले, चौथ्यांदा नाही. दार फोडायला हवे होते. राजकन्येच्या आज्ञेला भ्याले आणि त्यात वेळ गेला. तो दोष माझा.” मग तिने गाठ आवळली. “आणि पौर्णिमेला तुला गादीवर बसायचे आहे. म्हातारी गेली तर राज्याचे काय अडते?”

“ध्यान फार खोल लागले होते,” शुचिव्रता म्हणाली.

“हो. वाटीही खोलच गेली.”

म्हातारी हसली, पण त्या हसण्यात विष नव्हते, आणि तेच शुचिव्रतेला सोसवेना. उदंका पुढे बोलली, “ऐकू आले नाही त्याला तू तरी काय करणार, लेकी. नाहीतर दाराशी एवढा जीव तोडून ओरडणाऱ्या म्हातारीला कोण उत्तर देत नाही?”

शुचिव्रता परतली. ती आसनावर बसली, पण ज्या चित्ताला कोणताही नाद हलवू शकत नव्हता, ते त्या कुजबुजीतून तसूभर निसटू शकेना. वर आणि शाप एकमेकांना मिळाले होते. जे ऐकू येई ते जाऊ देण्याची विद्या तिला येत होती. जे जात नाही त्याचे काय करायचे हे कोणी शिकवले नव्हते. की शिकवणार होते? महर्षींचा तो उचललेला हात तिला आठवला.

सूर्योदयाला सारी नगरी दक्षिण शिवेच्या दगडापाशी जमली. निम्नग्रामाचे लोक पलीकडे, चिखलात उभे होते. उदंका गाठोडे घेऊन आली, तर शुचिव्रता आधीच अनवाणी तेथे उभी होती.

“महाराज,” तिने पित्याला सर्वांसमक्ष सांगितले, “पाळी माझी होती. अडसर मी घातला होता. कोणी म्हणेल, कुमारी समाधीत होती, तिला ऐकू आले नाही. तसे नाही. मी दार वाजलेले ऐकले. उदंकेचा आवाज ओळखला. तिच्या हाकेला मी नुसता नाद मानले आणि जाऊ दिले. काल सभेतही मी गप्प राहिले, ते ध्यानामुळे नव्हे, भयामुळे.”

बृहत्सेनाचा चेहरा राखेसारखा झाला. “दंड म्हणतो, कोणीही असो,” तो अखेर म्हणाला. “तो माझ्याच पितामहांनी कोरला आहे. पण दिशा त्यात सांगितलेली नाही. उत्तरेच्या शिवेवर रथ उभा करतो. महर्षींच्या आश्रमात तुला मान आहे.”

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. उदंकेनेही मान डोलावली. आणि क्षणभर शुचिव्रतेला खरोखर आनंद झाला. हिमशिखरे, स्वच्छ सकाळ, पांढरी शांतता, आणि गुरूंचे राहिलेले वाक्य. तो आनंद तिने पाहिला आणि ती शरमली.

रोहिता दगडाच्या पलीकडून बोलली. “तोंडातून गेलेला शब्द मला परत घेता येत नाही. पण एवढे जोडते, की हाकेसरशी उठशील तेवढ्या क्षणापुरती वाटी थांबेल. आणि हे एकट्या तुला नाही. यापुढे ज्याच्या हातात दुसऱ्याचे पाणी असेल, त्याने हाक ऐकून न ऐकल्यासारखी केली, की त्याच्या कानातही ती बुडू लागेल. मग तो राजा असो की घराचा कर्ता.”

म्हणून आजही, अधिकारावर बसलेल्या माणसाला कधीकधी भरल्या सभेत, बाहेर सारे शांत असताना, आत काहीतरी गुडुप झाल्याचे ऐकू येते, आणि आपण कोणते दार उघडले नाही हे त्याचे त्यालाच कळते.

दगडापलीकडे भातखाचरात पडलेले खोरे उचलायला कोणीतरी हाक दिली. ती हाक शुचिव्रतेला नव्हती. एका कुंभाराने शेजाऱ्याला घातली होती. तरीही तिचे पाऊल तिकडे वळले आणि कानातली कुजबुज क्षणभर थबकली.

“रथ नको,” शुचिव्रता पित्याला म्हणाली. “मला याच बाजूची शीव ओलांडायची आहे. काठ बांधून होईपर्यंत, आणि रोपे पुन्हा उभी राहीपर्यंत, आणि त्यानंतर मार्तिकाच्या घरात चाक फिरवायला कोणी लागेल तोवर.” तिने उदंकेच्या गाठोड्यातला कापूस काढून तिच्या ओंजळीत ठेवला. “माध्यान्हीची पाळी तुझी, माते. वाती वळत बस. आणि खिडकी उघडी ठेव.”

मग तिने दगड ओलांडला आणि चिखलात उतरून खोरे उचलले.