खारीने बुजवलेली भोके

मुलांनो, एका शहरातल्या रुंद रस्त्याच्या कडेने शिरीषाची मोठमोठी झाडे होती. त्यांतल्या एका झाडाच्या ढोलीत एक खार आपल्या पिल्लांसह राहत असे. खार मोठी हौशी. शिंप्याच्या दारातल्या चिंध्या, गादीवाल्याकडचा कापूस, जे मिळेल ते पळवून आणून तिने ढोली मऊमऊ केली होती.

एके वर्षी दूरदेशाहून आलेल्या लाकडी खोक्यांतून एक भुंगेरा शहरात शिरला. तो खोडाला बारीक भोके पाडी आणि त्याच्या अळ्या आत बसून लाकूड पोखरत. नगरपालिकेची माणसे एकेक झाड तपासू लागली. कोपऱ्यावरचे झाड पार पोकळ झाले होते, ते त्यांना तोडावे लागले. ते पाहून खार घाबरली, कारण तिच्याही झाडाला भोके पडू लागली होती. पोपट म्हणाला, "भोक दिसले की करवत आलीच समज! झाकली मूठ सव्वा लाखाची!" पोपट बोलतो फार आणि पाहतो कमी, पण घाबरलेल्याला हे कुठे सुचते? खारीने कापूस आणि चिंध्या भोकांत ठासून भरल्या आणि वरून चिखल लिंपला. माणसे आली, "हे झाड ठणठणीत आहे," म्हणाली आणि पुढे गेली. खार शेपटी उडवत नाचली.

पण थोड्याच दिवसांत शेंड्याची पाने सुकली. एक सुतारपक्षी खोडावर येऊन टकटक करू लागला. "खारूताई, आतून पोकळ वाजतेय गं!"

"हळू बोला, सुतारदादा! कोणी ऐकले तर माझी पिल्ले उघड्यावर पडतील. तुम्हीच खाऊन टाका ना त्या अळ्या!"

"मी एकटा किती खाणार? पोट फुटेल माझे!" सुतारपक्षी हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "अगं, करवत कोपऱ्यावरच्या झाडावर शेवटी आली. त्याआधी ते किड्याने खाल्ले होते. तू तर त्याच किड्याला दारे-खिडक्या लावून दिल्यास! आता तो आत निवांत जेवतोय."

पिल्लांकडे पाहून खारीला रडूच कोसळले. मग तिने डोळे पुसले आणि सगळे बोळे दातांनी ओढून काढले. भोकांतून भुसा भुरूभुरू गळू लागला. इतक्यात नगरपालिकेची माणसे पुन्हा आली. खार फांदीवर उभी राहून जिवाच्या आकांताने ओरडू लागली. त्यांच्यातल्या बागखात्याच्या बाईंनी मान वर केली, भुसा पाहिला, खोड ठोकून पाहिले. खारीने डोळे घट्ट मिटून घेतले.

"करवत फक्त सुक्या शेंड्याला लावा," बाई म्हणाल्या. "खोडात अजून जीव आहे. औषध टोचा. बरे झाले, वेळेवर दिसले!"

शेंडा गेला, पण झाड वाचले आणि ढोलीही वाचली. पुढच्या पावसाळ्यात झाडाला नवी पालवी फुटली. आता त्या रस्त्यावर कुठल्याही झाडाखाली भुसा दिसला की माणसांच्याही आधी खारच आरडाओरडा करते. पोपट म्हणतो, "केवढा हा गोंगाट!" तेव्हा ती म्हणते, "असू दे. गोंगाटाने झाड मरत नाही."

तात्पर्य : मूठ झाकावी, पण दुखणे झाकू नये; वेळेवर दाखवले तर फांदीवर निभावते, लपवले तर झाड जाते.