फडताळातलं माहेर

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राजाचं नाव आता कोणालाच सांगता यायचं नाही. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी, अशी आहे.

राजाच्या आईची दृष्टी गेली होती. डोळे होते तोवर त्या रोज ग्रंथांच्या दालनात बसायच्या. डोळे गेले आणि त्यांनी ते दालनच सोडलं. "पोथ्यांचा नुसता वास घ्यायला कशाला जायचं?" म्हणायच्या. हळूहळू त्यांचं बोलणंही कमी झालं.

राजाच्या मनात आलं, आईसाहेबांचं माहेरचं घर लाकडात कोरून घ्यावं. अगदी लहानसं. फडताळात दोन ग्रंथांच्या मधे जागा रिकामी होती, तिथे ते बसवावं. त्या निमित्ताने तरी त्या दालनात येतील.

गावात लाकडी खेळणी करणाऱ्यांची आळी होती. राजाने तिथल्या सगळ्यांत जुन्या कारागिराला बोलावलं. म्हातारा आला, पण हात जोडून म्हणाला, "महाराज, माझा हात आता कापतो. माप मी घेईन. कोरील माझी सून."

कारभारी हसला. "सून? मग रंग कोण देणार, सासू?"

हसण्याचं कारण होतं. त्या आळीत पुरुष कोरायचे आणि बायका रंग द्यायच्या. लाकूड कोरायची पटाशी बाईच्या हातात द्यायची रीत नव्हती. म्हाताऱ्याचा मुलगा वारला, घरात सासरा आणि सून दोघंच उरले, तेव्हापासून तो दार लावून तिला शिकवत होता. आता ते सगळ्यांना कळलं.

आळीतले वडीलधारे रागावले. शेवटी सुनेला म्हणाले, "एवढं एक काम कर. त्यात खोट निघाली तर पटाशी खाली ठेवायची. पुन्हा धरायची नाही."

"ठेवीन," सून म्हणाली. पण हे बोलताना तिने पटाशी घट्ट धरली होती.

म्हाताऱ्याने फडताळातली जागा मापली. दोन विती आणि वर चार बोटं. मग तो आईसाहेबांपाशी बसला आणि माहेर कसं होतं ते विचारलं. राजा, कारभारी, सगळे भोवती उभे होते. आईसाहेबांनी दिंडीदरवाजा सांगितला, ओसरीचे खांब सांगितले आणि पायऱ्या सांगितल्या.

घरी आल्यावर सुनेने विचारलं, "मामंजी, आणि परसदार?"

"त्याचं काही बोलल्या नाहीत."

"बाईमाणूस माहेर सांगते आणि परसाचं काहीच सांगत नाही?"

"पोरी, मागची बाजू भिंतीकडे जाणार. कोण बघतंय?"

"घर आहे म्हणजे परस असणारच," ती म्हणाली आणि कामाला लागली.

तिने पुढचं सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. मागे मात्र आपल्या मनाने विहीर केली, तिच्यावर फिरणारा रहाट बसवला. धुण्याचा दगड केला, वापरून वापरून मधे खोलगट झालेला. शेवग्याचं झाड केलं. पुढच्या खांबांवर तिने जेवढी मेहनत घेतली, तेवढीच त्या दगडावर घेतली. म्हातारा शेजारी बसून बघायचा.

काम झालं. राजवाड्यात अशी वस्तू बसवायची रीत ठरलेली होती. हळदकुंकू वाहायचं, वस्तू जागेवर ठेवायची, आणि एकदा ठेवली की पुन्हा हलवायची नाही.

त्या दिवशी सून आणि आळीतले वडीलधारेही दालनात आले होते. हळदकुंकू वाहिलं. म्हाताऱ्याने ते घर फडताळात ठेवलं.

आणि सगळ्यांच्या नजरा एका बाजूला गेल्या. घर आखूड पडलं होतं. एका बाजूला चांगली फट राहिली होती.

"वा!" कारभारी म्हणाला. "माहेरच्या मांजरालाही जागा ठेवलीय."

म्हाताऱ्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यांच्या आळीत जो मापायचा तोच कोरायचा. त्यामुळे वीत कोणाची, हे सांगायची वेळच कधी आली नव्हती. त्याने आपल्या मोठ्या पंजाने मापलं होतं. सुनेने आपल्या लहान वितीने कोरलं होतं.

"महाराज, चूक माझी," तो म्हणाला. "वीत माझी होती. मी बोललो नाही."

"मी विचारलं नाही," सून म्हणाली. तिने कमरेची पटाशी काढली आणि वडीलधाऱ्यांच्या पुढे जमिनीवर ठेवली.

तेवढ्यात मागून आवाज आला. "मला कोणी हात लावू देणार आहे की नाही?"

आईसाहेब दासीचा हात धरून पुढे आल्या. त्यांनी दिंडीदरवाजा चाचपला, खांब चाचपले. "छान आहे हो," म्हणाल्या. लेकाचं मन राखायला म्हणावं, तसं म्हणाल्या.

मग त्यांचा हात कडेला सरकला, फटीत गेला आणि वळून मागे पोहोचला.

तिथे तो थांबला.

"हा रहाट आहे?" त्यांनी बोटाने हळूच ढकलला. रहाट फिरला. "अगंबाई, फिरतोय!" बोटं पुढे गेली. "आणि हा दगड... इथे बसून आई धुणं धुवायची. मी शेजारी बसून पाणी उडवायची. म्हणायची, भिजवलंस ना मला, द्वाड कार्टे!"

आईसाहेब रडत होत्या आणि हसतही होत्या. पुन्हा चाचपून म्हणाल्या, "शेवगा मात्र आमच्याकडे नव्हता हं. लिंबू होतं. पण असू दे. परसाचं मी कोणाला सांगितलंच नव्हतं. एवढ्या पुरुषमाणसांत धुण्याच्या दगडाचं काय सांगायचं? हे केलं कोणी?"

"मी, आईसाहेब," सून हळूच म्हणाली. "पण माप चुकलं. फट राहिली."

"फट राहिली म्हणून तर माझा हात आत गेला, पोरी. घट्ट बसलं असतं तर मी ओसरीवरूनच परत आले असते."

राजाने मोठा श्वास सोडला. आळीतला सगळ्यांत रागीट म्हातारा खाली वाकला, पटाशी उचलली, धोतराला पुसली आणि सुनेच्या हातात दिली. "धर," एवढंच म्हणाला. सासऱ्याच्या मनावरचं ओझं उतरलं.

त्या दिवसापासून आईसाहेब रोज दालनात येऊ लागल्या. एक हात फडताळात ठेवून बसायच्या आणि राजाकडून पोथी वाचून घ्यायच्या. त्या आळीत मुलीही कोरायला शिकल्या. आणि फडताळासाठी काही करायचं झालं, की तिथले कारागीर मागची बाजूही तेवढ्याच मायेने कोरायचे आणि कडेला हात जाईल एवढी जागा सोडायचे.

म्हणून सांगतो, जे कोणाच्या दृष्टीला पडणार नाही तेही मन लावून करावं. कोणाचा हात तिथवर पोहोचेल, हे आपल्याला ठाऊक नसतं.