पेटी कुणी उघडली?

"पेटी उघडायची परवानगी तुम्हाला कुणी दिली, बाई?"

डॉ. सौमित्र गद्रे दवाखान्याच्या दारातूनच ओरडला. बूट काढायचेही त्याला सुचले नाही.

डॉ. पाडवीबाईंनी मान वर केली नाही. बाकावर रमीला तिचे तान्हे बाळ घेऊन बसली होती. बाई त्याच्या मांडीत इंजेक्शन देत होत्या.

"कुणी नाही. मीच उघडली."

गद्रेला जनुकशास्त्र बाईंनीच शिकवले. पुढे तो परदेशात कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत गेला आणि तिथली शिस्त घेऊन आला. पद्धत पक्की होईपर्यंत तिथे मोजमापांचे उत्तर कुलूपबंद ठेवतात. म्हणजे हवे तसे उत्तर काढायचा मोह होत नाही. शिस्त उत्तमच. या शहाण्याने ती जशीच्या तशी डोंगरातल्या पाड्यांवर आणली. नवजात बाळांचे रक्त सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारासाठी तपासायचे आणि सगळे निकाल संगणकात बंद. त्यालाच तो पेटी म्हणे.

"तीन संस्थांची मेहनत आहे ही! भौतिकीवाले, जनुकवाले, आरोग्यवाले... सगळ्यांनी मान्य केलंय. कुणीही बघायचं नाही!"

"नर्सनेसुद्धा?"

"नियम म्हणजे नियम."

"आईनेसुद्धा?"

गद्रे आणखी तापला.

"मध्येच डोकावलं तर आपला निष्कर्ष मानणार कोण? आणि तो मानला नाही, तर सरकार या पाड्यांना औषधं देणार नाही. मी यांच्यासाठीच करतोय, बाई!"

यात खोटे काहीच नव्हते. म्हणूनच बाई भडकल्या. त्यांनी बाळ उचलले आणि थेट त्याच्या हातात दिले.

"याला न्यायला तालुक्याहून गाडी येतेय. तोवर धर."

त्याने कसेबसे धरले.

"अंग कसं लागतंय?"

"तापलंय... खूप."

"सिकलसेलच्या बाळाला असा ताप म्हणजे जिवाशी गाठ. वेळेवर रोजचं औषध सुरू झालं असतं, तर कदाचित टळलं असतं. पण याचा निकाल पावसाळ्यापासून तुझ्या पेटीत पडून होता. काल मी तुझ्या प्रयोगशाळेला दम देऊन याचा एकट्याचा बाहेर काढला."

"बाई, मला माहीत नव्हतं..."

"माहीत होऊ नये म्हणूनच तर कुलूप लावलंस!"

बाळ कण्हले. ते परत द्यायला गद्रेने हात पुढे केले. बाईंनी रमीलाला खुणेनेच थांबवले.

"तुझी पद्धत पक्की व्हायला अजून किती वेळ आहे?"

"दोन वर्षं."

"मग उभा राहा असाच. दोन वर्षं."

...

बाळाचा श्वास भरभर चालला होता. तो गद्रेला छातीशी जाणवत होता.

रमीला हळूच म्हणाली, "सायेब, माझ्या बहिणीच्या लेकराचं पण रक्त नेलंय तुम्ही. ते बरं आहे ना?"

गद्रेने बाईंकडे पाहिले. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"सांगा ना, सायेब."

त्याला सांगता येईना. कारण ते उत्तरही आतच होते, आणि सगळी पेटी उघडायचा परवलीचा शब्द त्याच्याखेरीज कुणाकडे नव्हता.

बाहेर गाडी वाजली. रमीला त्याच्या हातून बाळ घेऊन धावली. गद्रे तिच्यामागे दारापर्यंत गेला, मग परत येऊन टेबलावरच्या संगणकासमोर बसला. त्याने अर्धा शब्द टाइप केला आणि बोट थांबले.

"बाई... सगळी पेटी उघडली आणि आणखी एकही बाळ आजारी निघालं नाही, तर? माझं सगळं काम फुकट जाईल."

बाईंनी टेबलावर हात आपटला.

"तर पेढे मी वाटीन!"