पाणी धरलेला दगड

विहिरींना कठडे बांधायची रीत नव्हती, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. काळदरा गावाबाहेर माळावर वडारांची पालं पडली होती. गावाला विहीर हवी होती आणि वडार ती खणत होते. उन्हाळा सरत आला तरी नुसता काळा कातळच लागत होता.

त्या पालांत दुर्गव्वा होती. तिची दोन लेकरं मुक्काम हलवताना वाटेतच गेली होती. तिसरी नागी, अजून अंगावर पिणारी, तापानं फणफणली होती.

एक दिवस कातळात पोकळी लागली. आत हिरवेगार, काचेसारखे खडे. असं म्हणतात की खाली उतरलेल्या माणसांची तोंडंसुद्धा हिरवी दिसत होती. पाटलाला वाटलं, पाचूच सापडला. दुर्गव्वाचा सासरा रामाप्पा वडारांचा मुकादम. त्यानं एक खडा ऐरणीवर ठेवून हातोडी मारली, कारण खरं रत्न घणाखाली फुटत नाही असं तेव्हा सगळेच मानत. खड्याचे अभ्रकासारखे पापुद्रे झाले. पाटील म्हणाला, पाणीही नाही आणि रत्नंही खोटी, उद्या पालं उचला.

संध्याकाळी नागीच्या पोटाला शेक द्यायला दुर्गव्वानं त्यातलाच एक खडा तव्यावर तापत ठेवला. तो तडतडला, पान पान उलगडावं तसा फुलला आणि ठिकऱ्या उडाल्या. पोरीला लागतील म्हणून तिनं वर मातीचं झाकण ठेवलं. थोड्या वेळानं उचललं, तर झाकणाला आतून पाण्याचे थेंब.

ती तशीच झाकण घेऊन सासऱ्याकडे गेली. रामाप्पा हसला.

"दगडाला घाम फुटला म्हणून विहीर भरत नसते, पोरी."

"नसेल भरत, मामंजी. पण ह्यानं पोटात पाणी धरलंय, म्हणजे कुठून तरी प्यायलाच असेल. तुम्ही निघा. मी नागीला घेऊन इथंच राहते. आणखी एक लेकरू मी वाटेत पुरणार नाही."

तिचा नवरा यल्लाप्पा उठला आणि त्यानं छिन्नी घेतली. बायकोनं बोट दाखवलं की हा पाताळातसुद्धा जाईल, असं कुणीतरी म्हणालं. तो उतरलाच. घणाच्या हादऱ्यानं ते ठिसूळ खडे ढासळून अंगावर येतील म्हणून घण वरच ठेवला आणि पोकळीच्या कडेकडेनं हळूहळू कोरत राहिला.

सकाळी पाटील हाकलायला आला, तेव्हा यल्लाप्पा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. असं म्हणतात की पाणी इतकं मुकाट्यानं आलं, की झोपलेली नागी जागीसुद्धा झाली नाही. जागी झाली तेव्हा ताप उतरला होता.

दुर्गव्वा पुढे कधी वारली, ते कुणाला ठाऊक नाही. विहिरीच्या भिंतीतला सगळ्यांत मोठा हिरवा खडा म्हणजे तिचा तळहात, असं म्हणतात. तो उपटायला गेलेल्यांच्या हाती चुराच आला.

काळदऱ्याच्या माळावर आजही कुणाकुणाची पालं पडतात. ज्या पालात मूल आजारी असेल, त्याला निघा म्हणायची गावात कुणाची छाती नाही. दुर्गव्वाच्या नावानं त्याच्या दाराशी आधी भरलेला हंडा जातो.