आंबेदऱ्याची पालथी कढई

आंबेदऱ्याच्या जानाईसमोर एक भलीमोठी लोखंडी कढई पालथी पडलेली आहे. यात्रेचा स्वयंपाकसुद्धा तिच्यात होत नाही. देवळाचे म्हातारे गुरव आल्यागेल्याला तिची हकीकत सांगतात, ती अशी.

फार मागं, पाटलाच्या शब्दावर गाव उठत-बसत होतं त्या काळी, इथं हौसाई नावाची कासारीण राहायची. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात लग्नाची लेक. डोक्यावर बांगड्यांची दुरडी घेऊन ती एकटीच गावोगाव हिंडायची. तेव्हा बायकांना उठताबसता 'उंडगी' म्हणत असत म्हणे. उंडगी म्हणजे घरात पाय न ठरणारी. पाणवठ्यावर रेंगाळलेल्या सुनेला सासू म्हणायची, मोठ्यानं हसलेल्या पोरीला बाप म्हणायचा. घरातल्या घरात शब्द नुसता बोचायचा. पण पुरुषानं चारचौघांत उच्चारला, की बाईच्या चालीवर डाग पडायचा आणि तो धुऊन निघायचा नाही.

एका बाजारच्या दिवशी पाटलाचा पुतण्या सुभानराव यानं बांगड्या बघायच्या निमित्तानं हौसाईचा हात धरला. तिनं तो हिसडून सोडवला. लोक हसले. सुभानराव लाल झाला आणि ओरडला, "उंडगी मेली! कुठं कुठं जाते, मला ठाऊक आहे!"

आठ दिवसांत तिला घराघरांची दारं बंद झाली. लेकीची ठरलेली सोयरीक मोडली. तेव्हा हौसाई स्वतः चावडीवर गेली. "शब्द मागं घ्यायला लावा," एवढंच ती म्हणाली.

पंचांनी निवाडा दिला तो उलटाच. ती खरी असेल तर तिनं जानाईसमोर दिव्य करावं. उकळत्या तेलातून लोखंडाचा तुकडा काढायचा, हात पिशवीत बांधायचा, तिसऱ्या दिवशी सोडायचा. फोड नसला तर बाई निर्दोष.

सगळ्या गावादेखत हौसाईनं कढईत हात घातला. तुकडा काढून पंचांसमोर ठेवला. पण पुढचे तीन दिवस पिशवीच्या आत काय चाललंय, ते तिला कळत होतं. लेकीनं विचारलं की ती भिंतीकडं तोंड करायची.

तिसऱ्या दिवशी गाठ सोडली. हात फोडांनी भरला होता.

पाटील निवाडा सांगायला उठले, तेवढ्यात बायकांतून सुभानरावाची आई, गिरजाबाई, पुढं आली. "कढई पुन्हा तापवा," ती म्हणाली. "तेलाला खरं-खोटं कळतं ना? चाळीस वर्षं मी वाड्याचा उंबरा एकटीनं ओलांडला नाही. बघू, मला फोड येतो का."

"वहिनी, घरी चला," पाटील म्हणाले.

"माझ्यानंतर तुमच्या घरातल्या सगळ्या हात घालतील."

तिच्या सुनेनं, सुभानरावाच्या बायकोनं, चुलीत लाकडं सारली. मग एकेक करून बायका उठल्या आणि गिरजाबाईच्या मागं उभ्या राहिल्या. तेलातून धूर निघू लागला. हौसाईला वाटलं, ओरडून सांगावं, नका घालू, फार आग होते. गिरजाबाईनं बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि हात पुढं केला. बोटं तेलापासून वीतभर राहिली असतील, तोच सुभानराव धावला आणि त्यानं आईचं मनगट धरलं.

"आई, नको! भाजेल! मी... मी काहीच बघितलं नव्हतं. खोटं बोललो."

"मला भाजेल, हे कळतं तुला," गिरजाबाई म्हणाली. "तिला भाजेल, हे नाही कळलं?"

सुभानराव मान खाली घालून रडू लागला. हौसाई त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हती. बायकांनी वासे घालून कढई उलथली. तेल मातीत जिरलं. तिथं पुन्हा कधी दिव्य झालं नाही, असं सांगतात.

लेकीची सोयरीक पुन्हा जुळली. हौसाईचा हात मात्र आखडला तो आखडलाच. त्यानंतर ती पहिल्यांदा वाड्यावर गेली, तेव्हा तिला बांगडी भरता येईना. गिरजाबाईनं तिला पाटावर बसवलं, दुरडीतल्या हिरव्या बांगड्या उचलल्या आणि त्या आखडलेल्या हातात हळूहळू, एकही न फोडता, चढवल्या.

आजही आंबेदऱ्यात कासारीण आली, की घरची बाई आधी तिच्या हातात बांगड्या भरते आणि मगच आपला हात पुढं करते. आणि 'उंडगी' म्हणजे काय, हे इथल्या पोरींना गुरवांनाच समजावून सांगावं लागतं.